हे तुला झेपेल का?

दिवाळीच्या तोंडावर माळा साफ करायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा बायकोनं माळ्यावरची पुस्तकं खाली घेतली, गॅलरीत नेली आणि एकेक पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांना धरून, उलटं करून, पिळलेलं धुणं झटकावं तसं झटकलं. कसर पडावी म्हणून. कसर पडलीच, पण तिच्यासोबत खुणाही पडल्या. बेस्टच्या बसची पंच केलेली जुनी तिकिटं, रेल्वेच्या पासाचा तुकडा, गणपतीच्या वर्गणीची पावती, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, विजेच्या बिलाची अर्धी घडी, गोळ्यांची रिकामी पट्टी आणि जाळी पडलेलं एक पिंपळपान. तिनं ते केरात टाकलं नाही. जेवायच्या ताटात गोळा केलं, माझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, "हे घ्या तुमचं वाचन."

मी रागावलो. रागावणं भागच होतं. कुठली खूण कुठल्या पुस्तकातली, हे आता कसं कळायचं?

"त्यात काय?" ती म्हणाली. "कुठलीही कुठंही घाला. सगळ्या तिसाव्या-चाळिसाव्या पानावरच होत्या."

ते खरं होतं. पुस्तकांची नावं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी. लीळाचरित्र. मोरोपंतांची केकावली. मर्ढेकरांच्या कविता. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस', इंग्रजीतून. आणि जेम्स जॉइसची 'युलिसिस'. ही शेवटची मी फोर्टात फुटपाथवर घेतली, कारण विकणारा म्हणाला, "साहब, ये कोई नहीं लेता." मराठी माणसाला एवढं डिवचणं पुरतं. ती अख्खी कादंबरी 16 जून 1904 या एका दिवसात घडते म्हणतात. तिच्या सुरुवातीला एक गृहस्थ दाढी करतो. माझ्या प्रतीत तो 1987 सालापासून दाढीच करतोय.

एरवी वाचनात मी आळशी नाही. जाडजूड कादंबरी दोन दिवसांत वाचून खाली ठेवतो. वर्तमानपत्र तर जाहीर नोटिशींसकट वाचतो. मग हीच पुस्तकं का अडतात? बायकोचं उत्तर तयार होतं. "झेपेल तेवढंच उचलावं माणसानं." हे ती लालबाग मार्केटातून भाजी आणतानाही म्हणते.

झेपण्याचा हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो गिरगावात.

आम्ही लालबागचे. आजोबा कोकणातून आले आणि गिरणीत साच्यावर लागले. मावशी मात्र गिरगावात दिलेली. मे महिन्यात मला तिच्याकडे धाडत. बसनं पाऊण तासाचं अंतर, पण वाचनाच्या बाबतीत ते परदेश होतं. खटाववाडीत मौजेचा छापखाना, 'सत्यकथा' तिथून निघे. 1931 साली 'आलम आरा' लागला होता त्या मॅजेस्टिक सिनेमापाशी कोठावळ्यांचं पुस्तकांचं दुकान. पोथ्या नि स्तोत्रं हवी असतील तर केशव भिकाजी ढवळे. आमच्याकडे दर दहा पावलांवर पानाची गादी होती, तिथं छापील कागदाचा वास.

आणि गिरगावात पुस्तक हातात धरत नसत, काखेत धरत. मुखपृष्ठ बाहेर करून. माझा थोरला मावसभाऊ 'सत्यकथा' असा धरून निघे. यात काय असतं, असं मी विचारलं की म्हणे, "तुला नाही कळायचं." पुढे पन्नाशीत त्यानंच कबूल केलं, की पुष्कळसं त्यालाही कळत नसे, पण काखेत धरायला कळावं लागत नाही. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या लघुनियतकालिकवाल्या मित्रांनी खटाववाडीत जाऊन 'सत्यकथे'चा अंक जाळला. मावसभाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. मी दहा वर्षांचा होतो. मला वाटलं, यांनाही कुणीतरी 'तुला नाही कळायचं' म्हटलं असणार.

मावशीचं वाचनालय गल्लीच्या टोकाला होतं. नाव सांगत नाही. टेबलामागे एक बाई बसत. चष्मा गळ्यात दोरीला. पुस्तकांची यादी चाळायची, क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी बाईंना द्यायची. बाई आधी चिठ्ठीकडे बघत, मग आपल्याकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. एक्स-रे काढल्यासारखं वाटे. चौदाव्या वर्षी मी 'कोसला' मागितली. नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते, हे मला मावसभावानं सांगितलेलं. बाई म्हणाल्या, "हे तुला झेपणार नाही." आणि त्याऐवजी 'फास्टर फेणे' दिली. 'फास्टर फेणे' मला आवडत असे, पण त्या दिवशी तो अपमान होता. मिसरूड फुटलेल्या माणसाला रस्ता ओलांडताना हात धरावा तसा.

मग 'कोसला' दादरला कुणाकडून तरी पैदा केली. आणि काय सांगू, शब्द न् शब्द कळला. एकदाही अडलो नाही. फक्त त्या पोराला एवढं वाईट कशाचं वाटतंय, ते कळेना. बाई चुकल्या नव्हत्या. पण त्यांनी ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं, याचा राग मात्र अजून आहे.

परवा न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिची मुलगी दहा वर्षांची. तिनं विचारलं, "आजोबा, तुमचा नंबर किती?" मी म्हटलं, "अडीच." ती चकित झाली. तिचा आठशेच्या पुढे होता. मग उलगडा झाला, की हा चष्म्याचा नंबर नव्हे, वाचनाचा. तिथं अनेक शाळांत मुलाला वाचनाचा एक आकडा देतात, पुस्तकालाही एक आकडा असतो, आणि बुटाचं माप जुळवावं तसे दोन्ही जुळवून पुस्तक घ्यायचं. लेक्साइल म्हणतात त्याला. वाक्यं किती लांब आणि शब्द किती वापरातले, यावरून पुस्तकाचा आकडा निघतो. कल्पना वाईट नाही. गिरगावच्या बाईंचा चष्माच तो, फक्त यंत्रात बसवलेला. पण त्या हिशेबात हेमिंग्वेची 'द सन ऑल्सो राइझेस' ही 'डायरी ऑफ अ विम्पी किड'पेक्षा सोपी ठरते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या माणसांची कहाणी खाली, आणि शाळेतल्या पोराच्या खोड्या वर. कारण हेमिंग्वेची वाक्यं आखूड.

हे यंत्र मराठीला लावलं तर बहार येईल. तुकोबांची गाथा दुसरीच्या वर्गात जाईल. हरिपाठ बालवाडीत. मोरोपंत मात्र यंत्राला पुरून उरतील. त्यांचा समास म्हणजे कसाऱ्याची फास्ट गाडी. भायखळ्याला चढलात तर चिंचपोकळी, करी रोड, परळ नुसतं डोळ्यांपुढून जाणार. अर्थ उतरेल तो थेट दादरला. मी स्लो गाडीचा माणूस. प्रत्येक शब्दाला थांबा हवा. केकावलीत माझी खूण तिसाव्या पानावर होती यात नवल नाही; मी इतका कसा गेलो, हेच नवल.

मग या अडीच नंबराच्या चष्म्यातून मी ताटातल्या खुणांकडे नीट बघितलं. सगळी पुस्तकं एकाच तऱ्हेनं अडलेली नव्हती. मोरोपंत शब्दांनी अडवतात. मर्ढेकरांचे शब्द मात्र आपल्या रोजच्या व्यवहारातले; गिरणी, भोंगे, उंदीर सगळं ओळखीचं, आणि तरी कविता संपल्यावर आपण कुठल्या स्टेशनावर उतरलो ते कळत नाही. त्यांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि ते निर्दोष सुटले. कोर्टाला कविता कळली असेल, तर ती समजावून सांगायला तिथं वकील होता, हे विसरू नये.

आणि तिसरी एक तऱ्हा आहे, तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' मी सतराव्या वर्षी एका दुपारी वाचून टाकली. चिमुकली कादंबरी, 1939 सालची. युरोपात महायुद्ध पेटायच्या बेतात, मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिंदी तरुण आणि देश सोडून निघालेली ज्यू मुलगी. मला ती प्रेमकथा वाटली आणि सोपी वाटली. पन्नाशीनंतर परत घेतली. तोवर परळच्या हॉस्पिटलांच्या पायऱ्यांवर मी काही रात्री काढल्या होत्या, बाबांना तिथंच शेवटचं बघितलं होतं, दोन मित्र निरोप न घेताच कायमचे गेले होते. आणि त्या बोटीतून मला पुढेच जाववेना. चार पानं वाचावी, मिटावी. म्हणजे पुस्तक तेच, शब्द तेच, वाचक म्हणे मोठा झालेला, आणि पुस्तक आधीपेक्षा अवघड. न्यू जर्सीच्या यंत्रात याला खाना नाही.

आपल्याकडे या सगळ्याला जुना शब्द आहे. अधिकार. संस्कृत शास्त्रग्रंथ आरंभीच सांगून मोकळे होत: विषय अमुक, प्रयोजन अमुक आणि हा वाचायचा अधिकार अमक्याला. शब्द दिसतो तेवढा भोळा नाही. अधिकार नेहमी तयारीवरून ठरे असं नाही, पुष्कळदा तो जन्मावरून ठरे. बायकांना नाही, शूद्रांना नाही. म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीत बहुधा कुणालाच नाही. गिरगावच्या बाई बिचाऱ्या निदान चिठ्ठी तरी घेत.

फोर्टातल्या नोकरीत मी जेवणाच्या सुट्टीत टाउन हॉलच्या पायऱ्यांवर डबा खायचो. त्या पायऱ्या तीस. मी साधारण बाराव्या पायरीवर, ऊन बघून. वर एशियाटिक सोसायटी, 1804 सालची. आत दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं फार जुनं हस्तलिखित आहे. मुसोलिनीनं ते इटलीसाठी परत मागितलं, दहा लाख पौंड देऊ केले, आणि सोसायटीनं नाही म्हटलं, अशी गोष्ट सांगतात. मी वर्षानुवर्षं त्याच्या अठरा पायऱ्या खाली बसून बटाट्याची भाजी खाल्ली. वर जावं असं कधी वाटलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. मीच आपल्याला चिठ्ठी देऊन मीच परत घेत होतो.

बाराव्या पायरीवर बसून मी एकदा हिशेब केला. दान्तेचा जन्म 1265 चा. ज्ञानेश्वरांचा 1275 चा धरतात. दान्ते दहाएक वर्षांनी मोठा, एवढंच. एकानं लॅटिन बाजूला सारून आपल्या गावच्या बोलीत लिहिलं, दुसऱ्यानं संस्कृत बाजूला ठेवून 1290 साली नेवाशाला गीता मराठीत सांगितली. एकमेकांचं नाव ऐकण्याचा संभव नाही. दोघांनीही ज्यांना अधिकार नाही त्यांच्यासाठी दार उघडलं. आणि आज सव्वासातशे वर्षांनी दोघांनाही तळटिपा लागतात.

माझ्या कपाटात मोल्सवर्थचा कोश आहे. हा कंपनीच्या फौजेतला इंग्रज. त्याच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली मुंबईत निघाली, साठ हजारांच्या आसपास शब्दांची. ज्ञानेश्वरीतला एक शब्द बघायला तो उघडावा, आणि चहा येईपर्यंत भलतेच अकरा शब्द वाचून व्हावेत. मूळ शब्द सापडलेला नसतोच. मग कुणीतरी सांगितलं, जुन्या मराठीचा खास कोश आहे, तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा, 1999 सालचा, पॉप्युलर प्रकाशनानं काढलेला. दादरला एका ग्रंथालयात जाऊन बघितला. अप्रतिम कोश. शब्द सापडला. अर्थ इंग्रजीत दिलेला. माझ्या पूर्वजांसाठी, त्यांना संस्कृत येत नाही म्हणून, खास मराठीत सांगितलेलं पुस्तक मी असा इंग्रजीतून समजून घेत होतो. ज्ञानेश्वरांना हे कळलं असतं तर ते हसले असते. त्यांना हसू येत असे, असं त्यांच्या उपमांवरून तरी वाटतं.

अडखळणारा मी पहिला नव्हे, हाही एक दिलासा. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती हातोहात नकला होताना पाठ बिघडले म्हणून. म्हणजे तीनशे वर्षांतच वाट मळली होती. तरी माझी प्रगती कुठवर, तर पहिल्या अध्यायात. पहिल्या अध्यायात अर्जुनानं धनुष्य खाली ठेवलं आणि मी पुस्तक. त्याला निदान सारथी होता.

ही सारथ्याची गोष्ट मी विनोदानं म्हटली खरी, पण मग ती मनातून जाईना. कारण लहानपणी आमच्या चाळीत पुस्तक असं एकट्यानं कुणी वाचलेलं मला आठवत नाही.

श्रावणात पोथी लावत. हरिविजय नाहीतर पांडवप्रताप, श्रीधरांच्या ओव्या. रात्रीची जेवणं झाली की आजोबांच्या खोलीत सतरंजी पसरायची. खोली दहा बाय बाराची, आत वीसेक माणसं, बाकीची गॅलरीत. चौरंगावर पोथी, तिच्यावर पिवळा बल्ब. एक जण ओवी लावून म्हणे, शेजारचा तिचा अर्थ सांगे. अर्थ सांगणारा गिरणीत जॉबर होता. दिवसा शिव्या देई, रात्री अर्थ. त्याच्या अर्थावर हरकती येत. "असां कसां म्हणतास? कालच्या अध्यायात भीमान वायला सांगितल्यान." दारापाशी बायका सुपात तांदूळ निवडत बसलेल्या, हात सुपात, कान आत, आणि द्रौपदीचं आलं की हात थांबत. दुसऱ्या पाळीवरून माणसं मध्यरात्रीकडे परत येत, जिन्यातूनच विचारत, "खंयवर इलो?" कुणीतरी त्यांना दोन वाक्यांत मागची गोष्ट सांगे. आजोबांना लिहिता येई ती फक्त सही. पण सगळा पांडवप्रताप त्यांना प्रसंगानुसार पाठ, आणि कर्णाबद्दल त्यांची स्वतंत्र मतं होती. त्यांच्या वाचनाचा नंबर काय धरायचा?

मला वाटतं, पातळी असलीच तर ती माणसाची नव्हती, त्या खोलीची होती. ज्याला अक्षर येई तो वाची, ज्याला शब्द येई तो सांगे, ज्यानं सोसलं असेल तो मध्येच उसासा टाकी आणि त्या उसाशावरून बाकीच्यांना कळे, की हे महत्त्वाचं आहे. पुढे आम्ही शिकलो, नंबरात पास झालो, एकेक जण आपापलं पुस्तक घेऊन आपापल्या खिडकीपाशी बसलो. आणि पुस्तकं जड झाली.

हे जुन्या काळचं गोड गोड चित्र वाटत असेल तर आजचं सांगतो. आमच्या चाळीचा पुनर्विकास अकरा वर्षं चालू आहे; म्हणजे बैठका चालू आहेत. विकासकानं करारनामा दिला, साठ पानांचा. भाषा अशी, की तिच्यापुढे मोरोपंत म्हणजे अंगाईगीत. एका वाक्यात 'सदरहू' चारदा. आणि हा ग्रंथ आमच्या चाळीनं सात रविवारांत संपूर्ण वाचला. तळमजल्यावर खुर्च्या मांडून, एकानं मोठ्यानं वाचायचं, बँकेतल्या माणसानं कॉर्पस फंड सांगायचा, निवृत्त ओव्हरसीयरनं कार्पेट एरिया. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, शाळा चौथीपर्यंत, त्यांनी एकतिसाव्या कलमात ट्रान्झिटच्या भाड्याची मेख काढली. वकिलाला ती दिसली नव्हती. त्या सात रविवारांत 'हे मला झेपणार नाही' असं एकही माणूस म्हणाला नाही.

तर या दिवाळीत मी ठरवलं. खुणा गेल्याच आहेत, तर ज्ञानेश्वरी पहिल्यापासून घ्यायची, आणि मोठ्यानं वाचायची. बायकोनं विचारलं, "कुणाला ऐकवणार?" मी म्हटलं, "तुला." ती म्हणाली, "माझे रव्याचे लाडू व्हायचेत." पण लाडू वळत गॅलरीच्या दारात बसली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतले आबा खुर्ची ओढून आले. आबा चौऱ्याऐंशीचे. विव्हिंग खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा साचा सोडला तो सोडलाच. साच्यांच्या धडधडाटानं कान गेलेले, आता डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओवी अशी ओरडून म्हणू लागलो, की समोरच्या चाळीतून कुणीतरी विचारलं, भांडण आहे का.

दोनशे ओव्यांवर आलो. अर्जुनाचे हातपाय गळालेत, समोर सगळे आपलेच. तिथं एक उपमा आहे: कोरडं टणक लाकूड पोखरणारा भुंगा, आणि तोच कोवळ्या कळीत अडकून पडतो. मी ही उपमा पूर्वी पाचसहा वेळा वाचली असेल. छान आहे, असं मनाशी म्हणून पुढे गेलो असेन.

"भोंगो?" आबा म्हणाले. "आता खंयचो भोंगो?"

"भोंगो नाय आबा. भुंगो!"

"हां, भुंगो." ते पुढे सरकले. "आमच्या गावच्या घराक होतो. वाश्यात भोक पाडून रवलेलो. वासो शिसवी असांदे नायतर फणसाचो, ह्येका कायएक फरक नाय. रातभर कुरकुर. सकाळी उठून बघूचा तर जमनीर पिवळो भुसो." त्यांनी बोटांच्या चिमटीत तो भुसा चोळून दाखवला. मी लालबागेत वाढलो. लोखंडी गर्डर बघितलेत, वासा पोखरणारा भुंगा कधी बघितला नाही. मला तो इतके दिवस नुसता कवितेतला वाटत होता.

मग आबा म्हणाले, "पण तो कळी कित्याक पोखरना नाय?"

मी खालचा अर्थ वाचला. तो तिथं मरेल, पण पाकळी फाडून बाहेर यायचं त्याच्या मनात येत नाही.

आबा काही बोलले नाहीत. बायकोचा लाडू हातात तसाच होता. खाली रस्त्यावर कंदीलवाला ओरडत गेला.

"आज हयच थांबूया," मी म्हटलं आणि खूण शोधायला ताट ओढलं. आबांनी त्यातला एक कागद उचलला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. गणपतीच्या वर्गणीची ती पावती. माझ्या बाबांच्या नावाची.

"साल काय हा रे?"

मी बघितलं. "1982."

"संपाच्या वर्षाची." त्यांनी पावतीवरून अंगठा फिरवला. "पावतेबुक माझ्याकडे होता त्या वर्षी. पैशे खंय होते कोणाकडे? घरोघर फिरलंय आणि नुसत्यो पावत्यो फाडून दिलंय. तुझ्या बापाशीन एक रुपयो पुढे केल्यान, तो घेवक नाय."

त्यांनीच ती पावती पुस्तकात ठेवली. हातानं चाचपून, दोन पानांच्या मध्ये, अगदी शिवणीपर्यंत. उद्या लवकर बसूया, म्हणाले, आणि खुर्ची घेऊन गेले.

बायकोनं पानाचा आकडा बघितला. "एकतीस," ती म्हणाली, आणि लाडू वळायला लागली.